डोणगावचं बटण

कय्यूमचं चिखलीत झेरॉक्सचं दुकान. बोंडअळीनं बीटी कापूस खाल्ला त्या वर्षी त्यानं इंटरनेटवर एक पान केलं. कोणत्या गावात पंचनामा कोणत्या दिवशी, एवढंच त्यावर. वर गावांची बटणं, खाली गावागावाचा मजकूर. नाव बटणावर होतंच, म्हणून मजकुरात त्यानं ते परत लिहिलं नाही. शाई लागत नाही तिथंही तो शाई वाचवायचा.

प्रत्येक मजकुराच्या तोंडाशी नाव दिलेली, न दिसणारी एक खूण होती. तिला अँकर म्हणतात. बटण दाबलं की पान त्या खुणेपाशी सरकायचं. पण कय्यूमची स्क्रिप्ट खुणेला नावानं हाक मारत नव्हती. पानातले अँकर वरून खाली मोजून देणारी एक जुनी सोय तो वापरायचा. आता ती वापरू नये, असं जाणकार सांगत. पण ती चालत होती, आणि चालत्या वस्तूला चिखलीत कोणी म्हातारी म्हणत नाही. डोणगाव म्हणजे पहिला अँकर. झालं.

मग सुलतानपूरची तारीख आली. त्यानं ती तळाशी टाकली. सुलतानपूर हे त्याच्या बायकोचं, ताहेराचं माहेर.

"सबसे नीचे?" ताहेरा म्हणाली. "अब्बा आये तो उनको बी चप्पलों के पास बिठाते क्या?"

कय्यूमनं सासरवाडी सगळ्यांच्या वर नेली. तिचं बटण त्यानं नव्या पद्धतीनं, नावानं जोडलं. दाबून ताहेराला दाखवलं. बाकीची दाबली नाहीत. तिकडे एकेक गाव गुपचूप एक घर खाली गेलं होतं.

मंगळवारी डोणगावच्या उत्तमरावांचा फोन आला.

"काऊन बे कय्यूम, तुह्या पानावर सोमवार हाये. दिवसभर बांधावर बसून राह्यलो. कुत्रंही आलं नाही."

"तुमचा बुधवार हाये, उत्तमराव."

"मंग सोमवार कोनाचा?"

कय्यूमनं डोणगावचं बटण दाबलं. समोर सुलतानपूर आलं.

"माह्या सासऱ्याच्या गावचा. पऱ्हाटी उभी हाये ना?"

पंचनाम्याला पीक उभं लागतं. उत्तमरावांनी आशा सोडून हरभऱ्यासाठी रान मोकळं करायला घेतलं होतं. फोनमध्ये ट्रॅक्टर ऐकू येत होता.

"अबे थांबव! थांबव ते!" ते कोणावर तरी ओरडले. ट्रॅक्टर थांबला. "अर्धी हाये," ते फोनमध्ये म्हणाले.

बुधवारी कय्यूम एसटीनं डोणगावला गेला. चूक माझी, म्हणून त्यानं तलाठ्याला सांगितलं. तलाठ्यानं ऐकून घेतलं.

"उभ्या पिकाचंच लिहितो मी," तो म्हणाला. "इथं तर माती हाये."

कय्यूम मातीत उतरला. चिंधड्या झालेल्या पऱ्हाटीतून बोंड लागलेलं एक झाड शोधून त्यानं ते जमिनीत उभं रोवलं. मग दुसरं.

"राहू दे बे," उत्तमराव म्हणाले.

तिसरं रोवून होईपर्यंत तलाठी थांबला. मग तो उरलेली अर्धी मोजायला गेला.