‘नंतर’चं छायाचित्र

कुंदाच्या दुकानाला धान्याचा वास नव्हता. जळगावच्या दाणाबाजारात ज्यांचं येणं-जाणं आहे, त्यांना ज्वारीचा उन्हाळलेला कोरडा गंध, उडदाच्या सालीचा मातकटपणा आणि तेलघाण्याभोवतीचा जड दरवळ डोळे मिटूनही ओळखता येतो. इथं मात्र काचेचं दार ढकललं की थंडगार हवा अंगावर यायची आणि तिच्यासोबत कुठल्याशा फुलांचा खोटा सुगंध. शुभ्र फळ्यांवर परदेशी बिया, बदामाचं पीठ, सुकवलेली जांभळी-तांबडी फळं, आणि माझ्या माहेरी, साक्रीकडच्या डोंगरउतारांवर पिकणारी नागलीसुद्धा. पण अशा चकचकीत पुड्यात आणि अशा परक्या नावानं, की तिला तिच्या शेतानंही ओळखलं नसतं. मला हसू आलं होतं. दुकान कुंदाचं होतं, म्हणून ते मी ओठांतच ठेवलं.

कुंदा शिंदखेड्याची. धुळ्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, आणि लग्नानंतर दोघींनाही जळगावानं आपलंसं केलं, तेही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. पण आमच्या मैत्रीचं खरं वय मी वेगळ्या काळापासून मोजते. एका वैशाखात हे अचानक गेले आणि माझी भूकही त्यांच्यासोबत गेली. मी अन्न सोडलं नव्हतं. अन्नाशी असलेलं नातंच कुठंतरी उसवलं होतं. ताट समोर यायचं आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटायचं. त्या दिवसांत कुंदा रोज दुपारी डबा घेऊन येई. बाहेर ऊन पांढरंफटक पेटलेलं असे, आत पडद्याआड अंधूक गारवा, आणि ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून भात कालवत असे. एरवी शहरी मराठी बोलणारी कुंदा तेव्हा आपल्या आईच्या बोलीत शिरे. “मंगल, दोन घास खाई ले व माय. बठ्ठं बरं व्हई जाई.” सगळं बरं होईल, असं सांगत राही.

श्रावणात एकदा तिनं मला बळेच गच्चीवर नेलं आणि मोबाइलवर माझा फोटो काढला. “आरशात बघत नाहीस ना? मग यात बघ, काय करून घेतलंयस स्वतःचं!” मी पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाउज खांद्यावरून घसरलेला, डोळे खोल गेलेले. आणि तिच्या आग्रहाखातर ओठांवर आणलेलं एक पुसट हसू. तो फोटो पाहून कुंदाच आधी रडली. त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी खाल्ली.

पुढं वर्षं गेली. अंगावर मांस आलं, जरा जास्तच आलं, गुडघे कुरकुरू लागले. दरम्यान कुंदानं आहाराचं कुठलंसं प्रशिक्षण घेतलं, दुकान थाटलं, आणि तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांमध्ये मी असणं ओघानंच आलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बंद. भात बंद. केळीच्या बागांनी वेढलेल्या या मुलखात केळं वर्ज्य. सकाळी पाण्यात ढवळलेली भुकटी, दुपारी भिजवलेल्या बिया, संध्याकाळी हिरवट काढा. मला हे पटलं होतं असं नाही. मन आतून सारखं विचारत होतं, की आपल्या आजोळच्या साऱ्या बायका ज्या भाकरीवर म्हाताऱ्या झाल्या, ती अचानक विष कशी झाली? पण ज्या हातानं घास भरवला, त्या हातावर शंका कशी घ्यायची?

गुडघे होते तसेच राहिले. ओट्यापाशी उभी असताना डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली, केस विंचरताना पुंजके हातात येऊ लागले. कुंदाला सांगितलं, तर ती समजावणीच्या सुरात म्हणाली, “शरीरातलं वाईट बाहेर पडतंय. थोडं सोस.” डॉक्टरांनी मात्र तपासून एवढंच विचारलं, “भाकरी सोडायला कुणी सांगितलं तुम्हाला?” मी तिचं नाव घेतलं नाही.

कापूसवेचणीच्या दिवसांत मी मावसबहिणीकडे धुळ्याला गेले होते. कुंदाचं तिथल्या एका सभागृहात व्याख्यान असल्याचं कळलं, आणि तिला चकित करावं म्हणून मी न कळवता शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ती सुरेख बोलत होती. शिंदखेड्याचा मागमूसही त्या भाषेत नव्हता. मग दिवे मंदावले आणि पडद्यावर दोन छायाचित्रं उमटली. पहिल्यात दिवाळीतली मी, गुबगुबीत, खाली ‘आधी’ असं लिहिलेलं. दुसऱ्यात गच्चीवरची मी. खाली ‘नंतर’.

“या आमच्या जळगावच्या ताई,” कुंदा सांगत होती. “थोड्याच महिन्यांत बघा काय घडलं!”

टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या बाई पुढं झुकून कौतुकानं म्हणाल्या, “काय तेज आलंय हो चेहऱ्यावर!” त्यांनी एकदा माझ्याकडेही पाहिलं, दुजोऱ्यासाठी. मला ओळखलं नाही.

गर्दी ओसरल्यावर मी व्यासपीठापाशी गेले. तिचा चेहरा उजळला आणि लगेच मिटला.

“मंगल! तू इथं? कळवलं का नाहीस?”

“तो फोटो कधीचा आहे, कुंदा?”

तिनं समोर विक्रीला मांडलेली पाकिटं उगीच सारखी केली. “अगं, कुणाला कळणार आहे? तुझं नावसुद्धा घेतलं नाही मी.”

“मला कळलं ना.”

“पण बारीक तर झाली होतीस ना?”

तिच्या आवाजात कपट असतं तर बरं झालं असतं. ती खरोखरच मला समजावून सांगत होती. मी “तो काढून टाक” एवढंच म्हणाले आणि निघाले.

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. उतरत्या उन्हात कापसाची शेतं फिकट पिवळी झाली होती, बायका वेचलेला कापूस ओटीत भरत पाठीनं वाकल्या होत्या. राग अजून आलाच नव्हता. मनात एकच गोष्ट घोळत होती: त्या फोटोतली कृशता कशाची आहे, हे साऱ्या जगात मला आणि तिलाच ठाऊक होतं. परक्या माणसानं तो दाखवला असता, तर ते अज्ञान ठरलं असतं. तिनं तर माझे नाकारलेले घास आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि पडद्यावर ते उपाशीपण तिनं यश म्हणून टांगलं होतं. राग एरंडोलनंतर आला. घरी पोहोचेपर्यंत तोही थकला.

काही दिवसांनी तिचा निरोप आला, ‘फोटो काढून टाकला. राग सोड.’ पुन्हा दुकानात गेले नाही. घरात राहिलेले पुडे तसेच बांधून दारच्या कचरागाडीत दिले आणि दुपारी चुलीवर नाही, पण गॅसवर का होईना, भाकरी भाजली. अंधारी हळूहळू थांबली. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, ते करते.

पौषात नणंदेनं बोदवडजवळच्या शेतात भरताचा बेत केला. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, धुराला हिरव्या मिरचीचा ठसका होता, आणि थंडीतलं कोवळं ऊन सगळ्यांच्या खांद्यांवर सारखंच पडलं होतं. मला सडकून भूक लागली. किती तरी दिवसांनी अशी, पोटातून वर येणारी, निःशंक भूक. आणि तिच्यासोबतच कुंदाची आठवण आली, इतकी तीव्र की क्षणभर मी मागं वळून पाहिलं.

माणूस जिवंत असतं, दोन गल्ल्या पलीकडे राहतं, त्याच्या दुकानाचे दिवे येता-जाता दिसतात. तरी ते गेलंय असं आतून कळलेलं असतं. त्याचं सुतक कसं धरायचं, किती धरायचं, याची काही रीत आपल्याकडे नाही. तिनं कालवलेला तो भात खोटा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग हे दोन्ही हात एकाच बाईचे कसे?

“वहिनी, अजून वाढू? की पुरे?” नणंद भांडं घेऊन पुढ्यात उभी होती.

“वाढा,” मी म्हणाले.