दोन कॅमेरे आणि ताईचा चेहरा

आमचे बाबा काटे दुरुस्त करत. घड्याळातले नव्हेत, दुकानातले. किराणावाले, भाजीवाले, सोनार, औषधवाले, ज्यांना म्हणून तोलून द्यावं लागतं ते सगळे आमच्या पुढच्या खोलीतल्या बाकावर येऊन बसत. एक उंच टेबल, पितळी वजनांची लाकडी पेटी, तेलाची कुपी आणि एक मऊ फडकं, एवढाच त्यांचा संसार. फडक्याला हात लावायची आम्हाला बंदी होती.

काटा एकदा बरोबर आला की गिऱ्हाईक उठायला लागे. बाबा त्याला पुन्हा बसवत. "थांबा, पारडी बदलून बघू," म्हणत. डावीकडचं वजन उजवीकडे, उजवीकडचा माल डावीकडे, आणि पुन्हा तोल. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तरच काटा घरी जाई. एखादा म्हातारा काटा काही केल्या ताळ्यावर येत नसे. तो घरच्या वापराचा असेल तर बाबा मोडीत काढत नसत, त्याच्या बुडाला चिठ्ठी डकवत: 'किलोमागे दहा ग्रॅम जड दाखवतो.' म्हणजे वापरणाऱ्यानं समजून घ्यावं.

घरातही तेच. आज ताई खिडकीशी बसली तर उद्या मी. सकाळी सायकलवर पुढे ती, संध्याकाळी पुढे मी. आई म्हणायची, "अहो, पोरी आहेत त्या, वजनं नाहीत." बाबा हसत, पण दुसऱ्या दिवशी पारडी बदलतच.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि मी तिच्यावर जळत असे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी म्हणायला नको. तिच्या गालाला खळी, अक्षर वळणदार, आणि कुणी पाहुणा आला की पाच मिनिटांत तो तिचा. माझ्याकडे बघून पाहुणे विचारत, "आणि ही?" त्या 'आणि ही'नं माझ्या अंगाचा तिळपापड होई. फक्त बाबांपुढे आम्ही सारख्या होतो, आणि ती एक गोष्ट मी जिवापाड जपून ठेवली होती.

माझ्याकडे एकच गोष्ट तिच्याहून जास्त होती, ती म्हणजे डोळा. बाबांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे, जन्मापासूनच. एकदा औषधवाल्यानं काटा लाल रंगवून मागितला. बाबांनी दोन हात देऊन तो हिरवागार करून दिला आणि वर त्यालाच विचारलं, "कसा उठून दिसतोय?" तेव्हापासून रंगाच्या डब्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आठ वर्षांची होते. पुढे मी दोऱ्यांच्या दुकानात नोकरीला लागले. बायका कापडाचा तुकडा आणत आणि मी तीनशे रिळांतून बरोबर त्याच छटेचं रीळ काढून देत असे. बाबा गिऱ्हाइकांना सांगत, "धाकटीचा डोळा म्हणजे सोनाराचा काटा."

मग ताईला दूरच्या गावी नोकरी लागली. तिला जायला पंधरा दिवस उरले होते आणि बाबा एकदम म्हणाले, "घरात कॅमेरा पाहिजे." ज्या माणसानं स्वतःच्या लग्नातही फोटोवाल्याला आवर घातला होता, त्याला हे काय सुचलं? मला लगेच कळलं. लाडकी लेक चालली, तिचे फोटो काढून ठेवायचे.

ते छोटे डिजिटल कॅमेरे तेव्हा नुकतेच आवाक्यात आले होते. दुकानदारानं दोन दाखवले, एक चंदेरी आणि एक काळा, आणि दोन्हींची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही चार दिवस घरी नेऊ का, असं विचारलं. दुकानदाराच्या भावाचा किराण्याचा काटा बाबांच्या हातातला होता, म्हणून तो नाही म्हणू शकला नाही.

रविवारी सकाळी पुढच्या खोलीत खुर्ची मांडली गेली. तिच्या चारही पायांभोवती खडूनं खुणा केल्या. खुर्चीपासून टेप धरून सहा फुटांवर आणखी एक रेघ मारली, ती बाबांच्या अंगठ्यांसाठी. आणि बाबा म्हणाले, "थोरले, तू बस. धाकटे, तू वही धर."

बसली. दिवसभर बसली. खिडकीच्या उजेडात, खिडकी लावून ट्यूबलाइटखाली, जवळून, लांबून. एकदा आधी चंदेरी मग काळा, मग आधी काळा मग चंदेरी. कॅमेऱ्यांची पारडी चारचारदा बदलली. आमची एकदाही नाही. मी आपली लिहितेय: ताई, खिडकी, चंदेरी. ताई, ट्यूब, काळा. ताई, ताई, ताई. दुपारपर्यंत तो शब्द मला वाचवेना.

"बाबा, एक माझा काढा ना," मी शेवटी म्हटलं.

"आज नको. मध्येच माणूस बदललं तर चाचणी बिघडते."

"तू तशीही हलतेस," ताई खुर्चीतून म्हणाली. ती हसली आणि खळी पडली, आणि बाबांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. मी तो फोटो वहीत लिहिलाच नाही. बावीस वर्षांत बाबांनी पहिल्यांदा माझा नंबर चुकवला होता.

मंगळवारी ते फोटो छापून आले. बाबांनी पाठीमागे फक्त 'क' आणि 'ख' लिहिलं होतं, कुठला कोणत्या कॅमेऱ्याचा ते मला कळू नये म्हणून. मला टेबलापाशी बसवलं, दिवा जवळ ओढला आणि फोटो मांडले. "बाकी सगळं मी पाहिलंय. दोन्ही सारखेच. रंगाचं तेवढं मला कळत नाही. तू सांगशील तो घ्यायचा."

खिडकीतले फोटो एकसारखेच होते. ट्यूबलाइटमधले मात्र नव्हते. 'क'मध्ये ताई होती तशी होती, गव्हाळ, ताजीतवानी. 'ख'मध्ये तिच्या गालांवर पोपटी छाया होती, ओठ राखाडी, आणि ती खळी एखाद्या डागासारखी दिसत होती. आठ दिवस अंथरुणाला खिळून उठल्यासारखी. एवढी कुरूप ताई मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

मी मनात म्हटलं, काढा आता हिचे फोटो. लावा भिंतीवर.

"ख," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. 'ख'चा रंग खरा आहे."

बाबांनी वही ओढली, पुढचं पान उघडलं, काहीतरी लिहून मिटलं. "चला, उद्याचं काम वाचलं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी चंदेरी परत गेला आणि काळा घरी राहिला.

ताई गेली. तिला पोचवून आल्यावर मी वाट बघत बसले, आता ते फोटो चौकटीत जातील म्हणून. कुठलेही गेले नाहीत. पुढच्या रविवारी बाबांनी खडूच्या खुणा पुन्हा गडद केल्या, खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "बस, धाकटे."

"मी?"

"मग कोण? ताईला फोटो पाठवायचाय. परक्या गावात एकटी आहे पोर, तिला घरचं माणूस दिसत राहायला हवं. त्यासाठीच तर कॅमेरा घेतला." खिडकीबाहेर शेजाऱ्यांनी भिंत उभारायला घेतली होती, त्यामुळे उजेड अडला होता. बाबांनी ट्यूब लावली.

दर महिन्याला एक फोटो पाकिटातून ताईला जाऊ लागला. दर महिन्याला मी जास्तच आजारी दिसत होते. बाबा फोटो लांब धरून म्हणत, "छान आलीस." आई तोच फोटो जवळ धरून मग माझ्याकडे बघे आणि दुधाचा पेला पुढे सरकवे. चौथ्या महिन्यात ताईचा ऑफिसातून फोन आला.

"तुझी तब्येत बरी आहे ना? खरं सांग."

"ठणठणीत आहे."

"लपवू नकोस. पार हिरवी पडली आहेस. काविळीची तपासणी कर. मला रात्रभर झोप लागत नाही गं." आणि मग नाक ओढून म्हणाली, "बाबांनी तुझे एवढे फोटो काढले, मी तिथे असताना माझा एकही असा हौसेनं काढला नाही. कॅमेरा बघायला तेवढी मला बसवली. मी काय धोंडा होते?"

म्हणजे तीही जळत होती. एरवी मला आनंदानं उडी मारावीशी वाटली असती.

बाबांनी मला दवाखान्यात नेलं. रक्त काढलं. अहवाल स्वच्छ आला तरी त्यांचं समाधान होईना, दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा काढलं. पारडी बदलून. तिथल्या बाकावर ते बोटं मोडत बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर मी ती वही शोधून काढली. पहिल्या दिवसाची पानं माझ्या अक्षरात होती, 'ताई, ताई'नं भरलेली. पुढच्या पानावर बाबांनी रविवारच्याही आधीची तारीख घालून आखून ठेवलं होतं: 'दिवस दुसरा. पारडी बदलून. खुर्चीत धाकटी, निवाडा थोरली.' त्यावर आडवी रेघ मारलेली आणि खाली बारीक अक्षरात: 'गरज नाही. धाकटीनं बघितलंय.'

मी वही तशीच हातात घेऊन पुढच्या खोलीत गेले. बाबा माझा ताजा फोटो भिंगाखाली धरून बसले होते.

"तू सांग बाई," ते म्हणाले. "ताई म्हणते हिरवी दिसते. मला तर काही कळत नाही. दिसतेस का?"

"दिसते," मी म्हणाले. "ताईसुद्धा दिसत होती. त्या दिवशीच. मला दिसलं होतं आणि मी खोटं सांगितलं. ती चांगली दिसायला नको होती मला."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. मी वाट बघत होते, रागावतील, निदान एकदा तरी माझ्यावर एकटीवर रागावतील. त्यांनी माझ्या हातून वही घेतली आणि ती रेघ मारलेली ओळ वाचली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "एकाच तोलावर काटा घरी पाठवला. तीस वर्षांत कधी असं केलं नाही."

मला त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं.

कॅमेरा त्यांनी बदलला नाही. चालतोय तर मोडीत कशाला, म्हणाले. पुढची अकरा वर्षं दर महिन्याला मी त्या खुर्चीत बसले, न हलता. ताईच्या कपाटात ते सगळे फोटो आहेत. मागच्या महिन्यात बाबा गेले तेव्हा आम्ही दोघींनी ते जमिनीवर पसरले. पहिले चार-पाच सोडले तर प्रत्येकाच्या पाठीवर त्यांनी चिठ्ठी डकवली होती, तेच अक्षर, तोच डिंक: 'रंग हिरवट दाखवतो. धाकटी चांगली आहे.'