ओळी जोडणारा शिंपी

त्याचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. आम्ही सातला काच कापायला उभे राहायचो. त्याआधी त्याला कागद तयार करावे लागत. आम्ही त्याला शिंपी म्हणायचो, कारण तो तुटलेल्या ओळी जोडायचा.

ऑर्डरी ईमेलवर यायच्या. लांबी, रुंदी, नग, शेवटी जाडी, सगळं एका ओळीत. पण कारखान्याच्या कॉम्प्युटरवर ओळ ठरावीक अक्षरांनंतर मोडायची आणि जाडीचा आकडा खाली एकटा पडायचा. शिंपी मेल छापायचा, पट्टी लावायचा आणि प्रत्येक सुटा तुकडा लाल पेन्सिलीने वरच्या ओळीला जोडायचा. डाव्या हाताने. एकदा काचेचा निसटता तक्ता धरायला गेला, तेव्हापासून उजव्या हाताची तीन बोटं मिटत नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो डाव्या हाताने लिहायला शिकला. काच उचलणं संपलं होतं. हे टेबलावरचं काम गेलं तर त्याला दुसरं काम नव्हतं. अकरा वर्षांत त्याने एक खाडा केला नाही.

"काय शिंपी, आज किती टाके?" मी रोज विचारायचो.

"तुझं तोंड शिवण्यापुरता दोरा ठेवलाय," तो म्हणायचा.

त्या दिवशी मात्र म्हणाला, "आज एकच. बाकी ओळी धड आल्यात, बघ." खूश होता.

कागदावर बावीस ओळी होत्या, बावीस काचांच्या. तळाला एक सुटी ओळ: जाडी आठ. ती त्याने शेवटच्या काचेला जोडली. जाडी लिहिली नसेल तर पाच मिलिमीटर, हा आमचा नियम. मी एकवीस काचा पाचच्या कापल्या, एक आठची. एकच आठची का, हे मनात आलं. त्याचं टेबल वीस पावलांवर होतं. मी गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी पाचच्या काचा परत आल्या. दुकानात माल मांडायच्या फळ्या होत्या त्या, पाचची काच वजनाला टिकली नसती. मालकाचा मुलगा नुकताच कामावर येऊ लागला होता. त्याने कागद पाहिला.

"काका, ही ओळ सगळ्या काचांसाठी होती."

"सुटी ओळ वर जोडायची असते."

"अहो, कॉम्प्युटरवर ओळी मोडणं मी त्याच्या आदल्या संध्याकाळीच बंद केलं. दोन मिनिटांचं काम."

"मला सांगायचंत तरी."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

शिंप्याने पेन्सिल पट्टीशेजारी सरळ ठेवली.

"एकच आठची, हे मला खटकलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही कागदाप्रमाणे कापलंत," मुलगा म्हणाला. विषय तिथेच संपला.

महिनाअखेरीस टेबल उचललं. त्याच्यासाठी दुसरी जागा नाही असं सांगण्यात आलं. एकवीस काचांची किंमत शेवटच्या पगारातून वळती केली; पगार त्यातच संपला. मग काचा त्याच्याच, म्हणून मी त्या टेम्पोत घालून त्याच्या घरी नेल्या. त्याला उचलता येत नव्हत्या. एकेक करून मीच आत नेल्या.

"अहो, या ठेवायच्या कुठे?" त्याच्या बायकोने विचारलं.

त्याने पलंग सरकवला. भिंतीलगत पुठ्ठा अंथरून मी एकवीसही काचा उभ्या टेकवल्या. कडा नीट घासलेल्या होत्या. एकही चिरली नव्हती. त्याच्या शेवटच्या महिन्याच्या कामाचं एवढंच घरात आलं.