तीनदा बांधलेलं खोकं

दादा, मी कुवेतला निघालो त्या सकाळी कणकवलीच्या स्टँडवर तू नव्हतास. मुंबईची एसटी लागलेली, आणि आबा माझ्या खोक्याची सुंभाची दोरी सोडून पुन्हा बांधत होते. "राव रे जरा, गाठ सैल वाटता." तीनदा सोडली, तीनदा बांधली. गाडी गेली. पुढची तीन तासांनी. तोवर बाकड्यावर आबांनी आणलेली भजी समोर ठेवून मी धुसफुसत बसलो.

इथे आल्यावर हा माझा हुकमी विनोद झाला. मी कामाला आहे त्या इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत, खैतान भागातल्या बॅचलर रूमवर, आबांची नक्कल करून मी सगळ्यांना लोळवलं. आबा गेले तेव्हा माझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, रिन्यूअलमध्ये अडकला होता, निघता आलं नाही. पण नक्कल मी सोडली नाही.

खैतानमध्येच एका तळघरात म्हाताऱ्या इंग्रज साहेबाचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. गल्ल्यावर बसून तो विनोदी कादंबऱ्या लिहायचा, गिऱ्हाईक आलं की वैतागायचा. माझ्या तन्वीसाठी, लेकीसाठी, पुस्तकं घ्यायला मी जायचो. त्यालाही किस्सा सांगितला. तो हसला नाही. म्हटलं, आपलं इंग्रजी तोकडं पडलं.

गेल्या महिन्यात दुकान बंद करून तो मायदेशी परतला. जाताना आपली नवी कादंबरी तन्वीला देऊन गेला. काल आमच्या महबूलाच्या फ्लॅटमध्ये ती सोफ्यावर वाचत खिदळत होती, आणि एकदम तिने पान माझ्यासमोर धरलं.

"बाबा, धिस इज आजोबा, नो?"

पान बघून मी हबकलोच. खोकं तेच, गाठ तीच. माझ्या बापाला साहेबाने बाजारात मांडलं होतं. पुस्तक हिसकावून फेकणार होतो. तन्वीने ते पाठीमागे लपवलं. आजोबांना तिने फोटोतच पाहिलंय.

"बट बाबा, तुझी बस जावी असंच वाटत होतं त्यांना. ऑन पर्पज करत होते."

दादा, आंब्याच्या पेट्या बांधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांची गाठ सैल? पोरीला एका पानात कळलं, परक्या साहेबाला ऐकताक्षणी कळलं. मी वीस वर्षं त्यावर लोकांना हसवत राहिलो.

घर कुठलं, असं कोणी विचारलं तर आता मला ते बाकडं दिसतं. आबांनी तीन तास मिळवले होते. मी ते रुसून घालवले.