पैनगंगेपल्याडचं गुलाबी घर

माझा भाचा गोपाल डोणगावात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवते. विहिरीतल्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या अन् त्यात तांब्याची नवी तार भरायची, हे त्याचं काम. हात असा साफ, का चिखलीकडून लोक मोटार घेऊन येतात. दारू नाई, खर्रा-तंबाखू नाई, कोणाच्या अध्यात नाई का मध्यात नाई. वय अडतीस, अन् लग्न नाई.

सतरा पोरी पाह्यल्या आमी. पह्यले पोरीवाल्यांच्या घरी जाऊन, तक्क्याले टेकून पोहे खाऊन येत होतो. मंग दिवस फिरले. पोरगी नाई म्हणाली तर गावात बोभाटा नको, म्हणून पोरीवाले आता मधातच कुठंतरी भेटा म्हणतात. पोहे बी पोरावाल्यांनंच न्यायचे. माझी बहीण विमल, गोपालची माय, पहाटे उठून पोहे करते, डबा भरून देते, अन् आपण घरीच थांबते. आपण सोबत गेलो का काम फिसकटते, असं तिच्या मनानं घेतलं हाये. सांजच्याले नकार घेऊन परत आलो का तिच्या तोंडाकडं पाहवत नाई मले.

अन् कारण काय? शहरात घर हाये का, एवढंच. पोराची कला पाहत नाई, स्वभाव पाहत नाई, घरावरचे टिनाचे पत्रे तेवढे पाहतात. ऐकून ऐकून डोकं किटलं होतं माझं.

अठरावी पूनम. अमडापूरची, एकतीस वर्षांची, चिखलीत औषधाच्या दुकानात कामाले. आईच्या आजारपणात तिचंही लग्न राहून गेलेलं. तिच्या वडलानं, किसनरावानं, भेटाले मेहकरचा नदीकाठचा बगीचा ठरवला. मी मनाशी म्हणलं, हे जमलं नाई तर आता पोराचं काही खरं नाई.

रविवारी चार वाजता आमी दोघं फटफटीवर पोचलो. तिथून पैनगंगेच्या पलीकडं सारं मेहकर चढावर मांडलेलं दिसते. बालाजीचा कळस, मशिदीचा मिनार, मोबाइलचे टॉवर, अन् मधात नवे नवे रंगीत बंगले. पोट्टे त्याच्याकडं पाठ करून सेल्फी काढून राह्यले होते. किसनराव अन् पूनम आले, मंग आमी चौघं एका बाकाजवळ बसलो, डबा उघडला.

गोपाल पोरीसमोर कधी बोलत नाई. पण पूनमनं मोटार जळते कशानं, असं विचारलं अन् हा सुरूच झाला. वीज कमी दाबानं आली का तार कशी तापते, वास कसा येते, सारं हातवारे करून सांगू लागला. ती हसली. खरं सांगतो, सतरा पोरीत एक हसली नव्हती त्याच्यासमोर.

तेवढ्यात किसनराव नदीपलीकडं पाहत म्हणाले, इथून गाव लय साजरं दिसते, मेहकरात तुमचं कोणी हाये का? साधा प्रश्न. पण मले वाटलं, आली बा घराची गोष्ट. आता ही पोरगी बी चालली. माझी जीभ माझ्या ताब्यात राह्यली नाई.

"ते गुलाबी, तीन मजली दिसते नं? दोन टाक्यावालं? ते आपल्या गोपालचंच होय."

त्या घरची मोटार गोपालनं भरून देलती, एवढाच आमचा संबंध. किसनराव माझ्याकडं पाहतच राह्यले. मंग त्यायनं गोपालले विचारलं, हो का? बाप गेल्यावर या पोराले मी वाढवलं. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाई. त्यानं एकदा माझ्याकडं पाह्यलं, मान खाली घातली अन् हाव म्हणला.

किसनराव हळूच म्हणाले, "मामा, आमी परवाच डोणगावात येऊन गेलो. तुमचं टिनाचं घर पाह्यलं, दुकान पाह्यलं. चार लोकांयले विचारलं, चारीनं पोराले चांगलंच म्हणलं. आज आमी होकार द्याले आलतो."

मी त्यायचे पाय धरले. भर बगीच्यात, लोकायसमोर. खोटं मी बोललो, मले जोड्यानं मारा, पोराले शिक्षा देऊ नका म्हणलं. त्यायनं मले उठवलं. म्हणाले, तुमचं सोडून देलं असतं, पण हाव तर पोरगं म्हणालं.

पूनम उठली. जाता जाता गोपालले म्हणाली, "मले वाटलं, तुमी तरी नाई म्हणसान."

ते गेले. मी बाकावर बसून राह्यलो. सटवाईनं माझ्याच हातानं पोराचं नशीब पुसाले लावलं, दुसरं काय म्हणू? मंग गोपालले म्हणलं, तू काऊन हाव म्हणलं बे? तो म्हणाला, लोकायसमोर तुमाले खोटं पाडू का, मामा?

फटफटीले किक मारता मारता तो परत बोलला. "आईले सांगजा, पोरगी मलेच पसंत नाई पडली."

विमल दारातच उभी होती. मी तिले तेच सांगतलं. दुसरं काही सांगाची माझी हिंमत झाली नाई. ऐकलं अन् बाई भडकलीच. पोराले कधी वाकडा शब्द बोलली नाई ती, पण त्या दिवशी तिनं त्याले नाई नाई ते बोललं. अडतिसाव्या वर्षी नखरे सुचतात, हातची पोरगी लाथाडून आला, म्हणे. गोपाल मान खाली घालून सारं ऐकत राह्यला. अन् मी, त्याचा सख्खा मामा, बाजूच्या खुर्चीवर चूप बसून होतो.