बोल्ट कोंबून बंद केलेली नळी

हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, गॅरेजमधल्या माणसांना नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा एवढं सोडून बाकी सगळं बोललो. गेल्या रविवारी ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं. आता तुम्हाला सांगतो आहे — मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, मदन महाल नावाच्या वस्तीत माझं गॅरेज आहे. डिझेलच्या जुन्या गाड्या येतात माझ्याकडे. नव्या गाड्यांशी माझं जमत नाही. बॉनेट उघडलं की सगळं झाकलेलं, आणि मला हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. घरातही तेच. कुणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्यात दुरुस्ती सुचवतो.

एके काळी माझं नाव झालं होतं ते 'इंजिन मोकळं करणारा' म्हणून. धुरातले विषारी वायू कमी व्हावेत म्हणून इंजिनावर जे बसवलेलं असतं — थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, त्याला चालवणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारक्या नळ्या — ते मी काढून टाकायचो. व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो, नळ्या तडकतात, गाडी ओढत नाही. नीट करायचं तर दिवसभर डोकं लावा. काढून टाकायचं तर जेवणाआधी काम खलास. गाडी आधीपेक्षा विषारी धूर सोडत बाहेर पडायची, पण पळायची. शहराच्या हवेत आपण काय सोडतो आहोत हा विचार? छे. मी म्हणायचो, 'जो पुर्जा नाहीच तो बिघडणार कसा?' लोक हसायचे, आणि मला ते हसणं फार आवडायचं.

देवराव बरगीच्या धरणावरून शहरात मासळी आणणारा लहान ट्रक चालवायचा. ट्रक त्याचा नव्हे, मासळीच्या एका व्यापाऱ्याचा. देवरावचं घराणंही आमच्यासारखंच कधीकाळी विदर्भातून इकडे आलेलं, म्हणून आमचं बोलणं मराठीत. माणूस भलता सावध. "देवरावभाऊ, गाडीले बैल जुंपा, लवकर पोचसान," असं मी त्याला चिडवायचो. तो रागवायचा नाही. उतार लागायच्या आधी गिअर कमी करणारच, आणि मग हसणार.

तो ट्रक माझ्याकडे आला आणि मी त्याचं इंजिन मोकळं केलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. व्हॅक्यूमचा पंप एकच असतो. त्याची मोठी नळी जाते ब्रेकच्या बूस्टरला — बूस्टरमुळेच पेडल पायाला हलकं लागतं. त्या नळीला मध्ये एक फाटा असतो, आणि त्या फाट्यावर व्हॉल्व्हच्या बारक्या नळ्या चालतात. व्हॉल्व्ह काढला, बारक्या नळ्या काढल्या, उरला उघडा फाटा. मग बरोबर काम कोणतं? फाट्यासकट जुनी नळी फेकायची आणि पंपापासून बूस्टरपर्यंत एक सरळ नळी टाकायची. ती आणायला दुकानापर्यंत जावं लागलं असतं. मालक डोक्यावर उभा होता — आणि खरं सांगू? तो उभा नसता तरी मी गेलो नसतो. मी फाट्याच्या रबरी तोंडात एक जुना बोल्ट कोंबला. व्हॅक्यूम तर आत ओढतो, बोल्ट बाहेर पडेल कशाला? वर क्लिपसुद्धा लावली नाही. तेलाने आणि उष्णतेने पिचलेलं रबर एक दिवस उभं चिरणार, हे मला कळत नव्हतं का? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

थंडी सरत आली होती. पहाटे माल भरून येताना उतारावर देवरावची गाडी रस्ता सोडून पुलाच्या कठड्याला भिडली. देवाची कृपा, आडवं कुणी आलं नाही. देवरावचा गुडघा मात्र मोडला.

आमच्याकडे रीत अशी — गाडी ठोकली की तिच्या रोजच्या मिस्त्रीला बोलवायचं, आणि तो सांगेल ते खरं मानायचं. म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. मी गेलो, बॉनेट कसंबसं उचकटलं. रबर चिरलेलं. बोल्ट गायब. फाट्याचं तोंड उघडं, म्हणजे तिथून हवा शिरून व्हॅक्यूम गेलेला. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर पहिला ब्रेक लागला असणार, आणि मग भरल्या गाडीत, ऐन उतारावर, पेडल दगड. इस्पितळातून देवरावही तेच सांगत होता — पेडल दगडासारखं झालं होतं, सगळा जोर लावला तरी गाडी थांबेना.

मग मी काय केलं? ट्रक गॅरेजात ओढून आणला आणि मालक यायच्या आत सरळ नळी टाकली. हो, तीच. या वेळी दुकानात धावत गेलो. मालकाला केबिनमध्ये बसवलं, इंजिन चालू केलं, पेडल दाबून पाहायला सांगितलं. पेडल एकदम मऊ. "ब्रेक तो बढ़िया हैं, सेठजी," मी म्हणालो. आणि ते होतेच बढिया — मी नुकते केले होते.

"मतलब सो गया था," सेठजी म्हणाले.

मी हो म्हणून मान हलवली. मी फक्त गप्प राहिलो होतो, मान हलवली नव्हती, असं मी स्वतःला कितीदा पटवलं असेल. हलवली होती.

देवरावचं काम गेलं. आधी तो भांडला, शपथा घेतल्या. पण मिस्त्रीने ब्रेक तपासले होते ना! ज्याला त्याला तो सांगायचा आणि जो तो हळहळून म्हणायचा, लागला असेल हो डोळा, पहाटेची वेळ. शेवटी तोही म्हणायला लागला, "लागलाच असन डोळा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. राइट टाउनातल्या एका शाळेच्या फाटकावर तो चौकीदार झाला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत गाडी चालवणाऱ्या पोरांना गाठून सांगायचा, झोप आली तर गाडी बाजूला घ्या, माझ्यासारखं करू नका. मी शेजारी प्रसादाचं ताट धरून उभा. तुम्ही असता तर बोलला असता? मी मोदक खाल्ला.

नंतर मी नळ्या काढणं सोडलं. आता जुन्या गाड्यांना त्या परत बसवून देतो. पण त्याने देवरावचं काय झालं? काहीच नाही.

मग गेल्या आठवड्यात त्याची मुलगी मीनल गॅरेजात आली. तिला नोकरी लागली आहे, तिने जुनी कार घेतली आहे, एका मैत्रिणीला चालवायला लावून मला दाखवायला आणली होती. कार ठीक होती. मी काम करत होतो आणि ती म्हणाली, "काका, तुम्ही पप्पांना बोला ना. मला गाडी त्यांच्याकडूनच शिकायची आहे. पण ते म्हणतात, मैं किसी को सिखाने लायक नहीं।" मी पाना खाली ठेवला. रविवारी सकाळी देवरावच्या दारात उभा राहिलो.

बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं — फाटा, बोल्ट, नळी, सेठजी, मान. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं, म्हणूनच की काय, त्याने मारलं नाही.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो?" त्याने विचारलं.

"नाही."

"इतके साल तू मले पाहून राहिला होता. काहून नाही बोलला?"

भीती होती, नाव जाईल याची. पण हे काय उत्तर आहे? तो भिंतीला धरून उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "आयकलं काय? मी जागा होतो!" बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. आतून मीनल आली. तिला त्याने हिंदीत सांगितलं, "बेटा, मैं सोया नहीं था।" मग पुन्हा मराठीत. त्याचा आवाज दर वेळी मोठा होत गेला, आणि शेवटी तो रडायला लागला.

मला कुणी बस म्हटलं नाही. मी चपला घातल्या. तिथून सेठजींकडे गेलो, मग गॅरेजात, आणि दोन्हीकडे हेच सांगितलं.

आज सकाळी मीनलची कार गॅरेजासमोरून आचके देत गेली. स्टिअरिंगवर ती, शेजारी देवराव, काचेतून हात बाहेर काढून मागच्या ऑटोला थांबवत होता. "क्लच धीरे से छोड़ो, बेटा, धीरे से!" — अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी फाटकातून मागे सरलो आणि त्यांना रस्ता दिला.