कोबुसिंग्येची मावशी वारली

आमच्या डोंगरावर बाईला कामातून सुट्टी मिळते ती दोनच कारणांनी. एक तर कुणी मेलं तर, नाही तर ती स्वतः मेली तर. पुरुषांचं वेगळं आहे. ते दमले की केळ्याच्या दारूपाशी जाऊन बसतात, आणि त्याला कुणी दमणं म्हणत नाही, बैठक म्हणतात. बाई नुसती दारात टेकलेली दिसली तरी येणारा-जाणारा विचारतो, बरं नाही का?

कोबुसिंग्येला हे कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण तिला बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. निन्सीमा धरून तीन पोरं, दोन गाई, नाचणीचं शेत आणि वर डोलीमंडळाचं भांडं. डोलीमंडळ म्हणजे आम्हीच सगळे. आजाऱ्याला डोलीत घालून खाली दवाखान्यापर्यंत न्यायचं आणि मेलेल्याला मूठमाती द्यायची. मयताच्या घरी जमलेल्या शे-दीडशे माणसांचा घेवडा शिजायचा तो कोबुसिंग्येच्या हातून. बाकीच्या बायकांनी लाकडं पुरवायची, पाणी ओतायचं आणि ती सांगेल तसं करायचं. तिच्याकडे ना फार जमीन होती ना शिक्षण. गावात तिला मान होता तो त्या भांड्यापाशी, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

यंदा नाचणीची खुरपणी तीन आठवडे चालली. नाचणीतलं तण नाचणीसारखंच दिसतं, म्हणून वाकून एकेक पान निरखून उपटावं लागतं. शेवटच्या दिवशी ती उठायला गेली तर कंबर सरळ होईना. गुडघ्यांवर हात टेकून ती तशीच उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, कितागाताला जावं. तिथले गरम पाण्याचे झरे तिने लग्नाआधी एकदा पाहिले होते. दगडाला पाठ लावून, कुणाला काही न वाढता, पाण्यात नुसत्या बसलेल्या बायका पाहिल्या होत्या.

पण घरी सांगणार काय? नवरा, तिबेन्देराना, वाईट माणूस नव्हता. अंघोळीला चालले म्हटलं असतं तर तो हसला असता आणि घरचं पाणी आटलं का, म्हणाला असता. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं की रुकुंगिरीकडची मावशी वारली. तिला रुकुंगिरीकडे मावशीच नव्हती. लांबचं आहे, मी एकटी जाऊन येते, मंडळाला उगीच कळवू नकोस, असंही तिने वर जोडलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाली.

दुसऱ्या दिवशी ती मोटारसायकलवाल्यामागे बसून गेली आणि दुपार कलेपर्यंत पाण्यात राहिली. शेजारच्या अनोळखी बाईने तिची पाठ चोळून दिली, तिने त्या बाईची. बाहेर येऊन तिने अंडं गुंडाळलेली चपाती घेतली आणि कुणाला तुकडा न मोडता एकटीने संपवली. असं तिने आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. डोंगर चढताना कंबर दुखत नव्हती. ती चक्क गुणगुणत होती.

केळीच्या बागेतून तिला आपलं अंगण दिसलं आणि पाय जागीच थांबले. अंगणात चटया, चटयांवर बायका, मागे धूर. कुणीतरी गेलं आपल्या घरात. कुठलं पोर? ती धावत सुटली. मग तिन्ही पोरं तिला कुंपणापाशी दिसली, धडधाकट, आणि क्षणभर सुटकेनं तिला रडूच आलं. ते रडणं बायकांनी पाहिलं आणि त्याही रडू लागल्या. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. हे मयत तिच्या त्या नसलेल्या मावशीचंच होतं.

तिबेन्देराना पुढे आला. त्याचे डोळे ओले होते.

"नको म्हणाली होतीस, पण माझं मन मानेना. सगळ्यांच्या मेल्याला तू उभी राहतेस, आणि तुझं माणूस गेलं तर आपण गप्प बसायचं?"

दाराशी केळ्यांचे घड रचले होते, नाचणीच्या पिठाच्या टोपल्या होत्या, दूध होतं. तिच्या गाईंची धार काढून झाली होती. ज्या बायकांच्या अंगावर ती भांड्यापाशी ओरडायची, त्यांनीच तिचं अंगण झाडलं होतं. तिचं अंग अजून त्या पाण्याने ऊबदार होतं, आणि त्या उबेचीच तिला किळस आली.

म्हातारी कासेमिरे भिंतीला टेकून बसली होती. तिच्या गुडघ्यांत जीव नाही, सहा महिन्यांत ती घराबाहेर पडली नव्हती. एक भोपळा उराशी धरून ती डोंगर चढून आली होती, वाटेत चारदा बसत. तिने कोबुसिंग्येचा हात हातात घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं,

"कशी गेली गं पोरी, मावशी? त्रास झाला का तिला?"

सगळ्या बायका ऐकायला पुढे सरकल्या. ताप होता, एवढं म्हणून भागलं असतं. पण म्हातारीच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिल्यावर खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"कुणी गेलं नाही, आजी," ती म्हणाली. "मला मावशी नाही. मी दमले होते. कितागाताला पाण्यात बसून आले."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एकेक बाई उठून, लुगडं झटकून चालू लागली. म्हातारीला दोघींनी धरून उतरवलं. तिबेन्देराना गाईंकडे निघून गेला. सामान मात्र तिथेच राहिलं, कारण सुतकाच्या घरी आणलेलं अन्न परत न्यायचं नसतं. ते तिला शिजवावं लागलं. दहा दिवस पोरं मिटक्या मारत जेवत होती आणि ती आपलं ताट त्यांच्याकडे सारत होती. भोपळा तिने शेवटी चिरला, तोही रडत.

पंधरवड्याने खालच्या आळीतला मास्तर वारला. कोबुसिंग्ये सगळ्यांच्या आधी पोचली, कमरेला फडकं बांधूनच. भांड्यापाशी नातुकुंदा उभी होती, जी कालपर्यंत तिच्या हाताखाली लाकडं पुरवायची. कोबुसिंग्ये लाकूड उचलायला वाकली, तर नातुकुंदाने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे, निन्सीमाची आई," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "तू बस. दमली असशील."

तिला सावलीत चटई घालून दिली. ती बसली, कारण दुसरं काही करायला हातात नव्हतं. संध्याकाळपर्यंत बायका तिच्यासमोरून पाणी नेत होत्या, चूल फुंकत होत्या, आणि ती मांडीवर हात ठेवून बघत होती. पान वाढलं तेव्हा पहिल्याच घासाला तिला कळलं की घेवडा अळणी आहे. तिने मान खाली घालून तो संपवला.